झोन्ड ड्राइव्ह कमांड लाइनवरून हाताळताना या चुका टाळा

साध्या डिस्कवर कोणत्याही सेक्टरवर कधीही लिहिता येते आणि लिनक्सवर कमांड टाइप करणाऱ्या हातांना वर्षानुवर्षे तीच सवय लागलेली असते. झोन्ड ड्राइव्ह ही मोकळीक देत नाही. शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग, म्हणजेच एसएमआर पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये लगतचे ट्रॅक छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे थोडे चढवलेले असतात. मधलेच एक कौल बदलू गेले तर त्यावर टेकलेली पुढची कौलेही हलतात. त्यामुळे डिस्कचे मोठमोठे झोन पाडलेले असतात, प्रत्येक झोनमध्ये सुरुवातीपासून क्रमानेच लिहावे लागते आणि पुन्हा लिहायचे असल्यास संपूर्ण झोन रिसेट करावा लागतो. झेडएनएस (झोन्ड नेमस्पेस) प्रकारच्या एसएसडीमध्ये कारण वेगळे आहे, कारण तेथे फ्लॅश मेमरी मोठ्या ब्लॉकांनीच पुसली जाते. नियम मात्र तोच. पुढची लेखनजागा कोठे आहे हे प्रत्येक झोनचा राइट पॉइंटर सांगतो. खाली दिलेल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे : हा पॉइंटर कोठे आहे हे ड्राइव्हला न विचारता आपल्या अंदाजावर विसंबणे.

ड्राइव्हचा प्रकार गृहीत धरणे

एसएमआर असा उल्लेख वाचून अनेक जण थेट झोनच्या कमांड चालवतात आणि झोनचा आकार ठरवता येत नाही असा संदेश आल्यावर साधनालाच दोष देतात. एसएमआर ड्राइव्ह तीन प्रकारचे असतात. ड्राइव्ह-मॅनेज्ड प्रकारात झोनची सगळी व्यवस्था ड्राइव्ह स्वतःच्या पोटात ठेवतो आणि बाहेर साध्या डिस्कसारखा वागतो, त्यामुळे त्यावर झोनची कोणतीही कमांड चालणार नाही. होस्ट-अवेअर प्रकार झोन दाखवतो, पण अव्यवस्थित लेखनही सहन करतो. होस्ट-मॅनेज्ड प्रकार मात्र चुकीच्या जागी केलेले लेखन सरळ नाकारतो. एलएसबीएलके या कमांडला झेड हा पर्याय दिला, किंवा सिसएफएसमध्ये (कर्नलकडची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या व्यवस्थेत) त्या डिस्कच्या क्यू फोल्डरातील झोन्ड ही फाइल वाचली, की प्रकार कळतो. तेथे नन, म्हणजे ‘काही नाही’, असे आले तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

होस्ट-मॅनेज्ड ड्राइव्ह जोडूनही ब्लॉक डिव्हाइस म्हणून दिसत नसेल, तर दोन गोष्टी तपासाव्यात. लिनक्स कर्नलमध्ये झोन्ड ब्लॉक डिव्हाइसचा आधार ४.१० या २०१७ मधील आवृत्तीपासून आहे आणि झेडएनएसचा ५.९ या २०२० मधील आवृत्तीपासून. परंतु कर्नल बांधताना हा पर्याय बंद ठेवलेला असू शकतो. दुसरी शक्यता मधल्या दुव्याची. यूएसबी अडॅप्टर आणि अनेक डिस्क एकत्र बांधणारे रेड कार्ड झोनच्या कमांड पलीकडे पोहोचवतीलच असे नाही, त्यामुळे संशय आल्यास ड्राइव्ह साध्या एचबीएला (ड्राइव्ह जोडण्याच्या कार्डाला) किंवा मदरबोर्डच्या पोर्टला थेट जोडून पाहावा.

एकक न तपासता ऑफसेट देणे

मला सर्वांत घातक वाटणारी चूक ही आहे, कारण ती अनेकदा कोणतीही त्रुटी न दाखवता पार पडते. यूटिल-लिनक्समधील बीएलकेझोन हे साधन ऑफसेट आणि लांबी ५१२ बाइटच्या सेक्टरांत मोजते, मग ड्राइव्हचा ब्लॉक केवढाही असो. एनव्हीएमई-सीएलआयमधील झेडएनएसच्या कमांड आणि एसजी३-यूटिल्समधील साधने मात्र ड्राइव्हच्या स्वतःच्या लॉजिकल ब्लॉकांत बोलतात, आणि तो ब्लॉक ४०९६ बाइटचा असू शकतो.

एक उदाहरण मांडून पाहू. झोन २५६ एमआयबीचा आहे आणि लॉजिकल ब्लॉक ४०९६ बाइटचा आहे असे समजा. बीएलकेझोनच्या हिशेबात एका झोनचे ५,२४,२८८ सेक्टर होतात, तर लॉजिकल ब्लॉकांच्या हिशेबात ६५,५३६. झोनची गणना शून्यापासून केली तर बीएलकेझोनच्या रिपोर्टमध्ये २ क्रमांकाचा झोन १०,४८,५७६ वर सुरू होतो. हाच आकडा उचलून लॉजिकल ब्लॉक मागणाऱ्या साधनाला दिला, तर तो १६ क्रमांकाच्या झोनची नेमकी सुरुवात ठरतो. आकडा झोनच्या सीमेवर अचूक बसत असल्याने तक्रार करायला साधनाला काही कारणच उरत नाही, आणि दुसऱ्याच झोनमधील माहिती जाते. उलट दिशेने, म्हणजे लॉजिकल ब्लॉकातला आकडा बीएलकेझोनला दिला, तर बहुतेक वेळा ऑफसेट सीमेवर बसत नसल्याची त्रुटी येते आणि आपण वाचतो. परंतु ज्या झोनचा क्रमांक आठच्या पटीत आहे त्यांच्या बाबतीत तेही संरक्षण मिळत नाही. म्हणून एका साधनाच्या रिपोर्टमधला आकडा दुसऱ्या साधनाला कधीही देऊ नये. ज्या साधनाने झोन बदलायचा आहे, त्याच साधनाचा रिपोर्ट आधी काढावा.

याच जातीचा आणखी एक घोटाळा आहे. बीएलकेझोनच्या रिपोर्टमधले आकडे षोडशमान पद्धतीत असतात आणि त्यातील राइट पॉइंटर हा झोनच्या सुरुवातीपासूनचे अंतर म्हणून दाखवलेला असतो. एनव्हीएमईच्या रिपोर्टमध्ये तोच पॉइंटर संपूर्ण ड्राइव्हवरील पत्ता म्हणून येतो. पहिल्या प्रकारच्या आकड्यात झोनची सुरुवात मिळवावी लागते, दुसऱ्यात मिळवायची नसते. माहिती ब्लॉकांनी कॉपी करणाऱ्या डीडी या कमांडच्या सीक पर्यायाचे एकक तर या सर्वांहून निराळे असते, कारण तो आपण दिलेल्या ब्लॉक आकाराच्या पटीत मोजतो : ब्लॉक आकार १ एमआयबी ठेवला असेल, तर वरच्या उदाहरणातील २ क्रमांकाच्या झोनसाठी सीकची किंमत ५१२ होते.

मर्यादा न घालता रिसेट करणे

बीएलकेझोनच्या रिसेट कमांडला फक्त डिव्हाइसचे नाव दिले, तर ती पहिला झोन रिसेट करून थांबत नाही. ऑफसेट दिला नाही तर तो शून्य धरला जातो, आणि काउंट (झोनची संख्या) किंवा लांबी दिली नाही तर तेथून ड्राइव्हच्या अखेरपर्यंतचे सर्व झोन धरले जातात. ऑफसेट दिला आणि काउंट विसरला तरी त्या झोनपासून पुढचे सर्व काही रिकामे होते. रिसेट ही काही तास चालणारी पुसण्याची क्रिया नाही की मध्येच थांबवून काही वाचवता येईल. राइट पॉइंटर झोनच्या सुरुवातीला परत जातो आणि त्या पुढची माहिती नेहमीच्या मार्गाने मिळेनाशी होते. एकच झोन हवा असताना काउंट एक असे स्पष्ट लिहिण्याची सवय लावून घ्यावी. एनव्हीएमईच्या बाजूला सिलेक्ट-ऑल हा पर्यायही तितक्याच सावधपणे वापरायला हवा.

ड्राइव्ह वापरात असेल तर बीएलकेझोनच्या नव्या आवृत्त्या काम नाकारतात आणि डिव्हाइस व्यस्त असल्याचे सांगतात. अशा वेळी फोर्स हा पर्याय देऊन पुढे जाणे म्हणजे माउंट केलेल्या फाइल सिस्टीमच्या पायाखालची जमीन काढून घेणे होय. प्रथम अनमाउंट करावे, ड्राइव्ह कोणती प्रक्रिया धरून बसली आहे ते शोधावे आणि मगच पुढचा विचार करावा. झोन्ड डिस्कसाठीच्या लिबझेडबीसी लायब्ररीची साधने किंवा एनव्हीएमईच्या कमांड ड्राइव्हशी थेट बोलतात, त्यामुळे तेथे अशा अडवणुकीचा भरवसा धरता येत नाही.

‘अनअलाइन्ड राइट कमांड’ आली तर

कर्नलच्या लॉगमध्ये इल्लीगल रिक्वेस्टसोबत अनअलाइन्ड राइट कमांड असा मजकूर दिसला, की अनेकांना डिस्क खराब झाल्याची शंका येते. बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते आणि लेखन राइट पॉइंटरवर पडले नाही एवढाच त्याचा अर्थ असतो. शोध पुढील क्रमाने घ्यावा.

सर्वप्रथम त्या झोनचा ताजा रिपोर्ट काढावा. आधीचे एखादे लेखन अर्ध्यावर अडले असेल, तर पॉइंटर आपल्या समजुतीपेक्षा पुढे किंवा मागे असू शकतो. अचानक वीज गेल्यानंतर ही शक्यता अधिक असते, कारण ड्राइव्हच्या कॅशमध्ये असलेले आणि फ्लश न झालेले लेखन हरवलेले असू शकते. त्यानंतर लेखन डायरेक्ट पद्धतीने होते आहे का ते पाहावे. साधे बफर केलेले लेखन कर्नलच्या पेज कॅशमधून जाते आणि कॅशमधली पाने डिस्कवर त्याच क्रमाने उतरतील अशी हमी नसते. म्हणून डीडी वापरताना आउटपुटसाठी डायरेक्ट हा फ्लॅग द्यावाच. तिसरी बाब आकाराची : ड्राइव्ह ५१२ बाइटचे लॉजिकल ब्लॉक दाखवत असला तरी भौतिक सेक्टर ४०९६ बाइटचा असेल, तर क्रमाने लिहिण्याच्या झोनमध्ये प्रत्येक लेखन ४०९६ च्या पटीतच असावे लागते.

एवढे सर्व बरोबर असूनही त्रुटी अधूनमधून, विशेषतः एकाच झोनवर अनेक लेखने एकदम सोडल्यावर येत असेल, तर आयओ शेड्युलर, म्हणजे वाचन-लेखनाच्या विनंत्यांचा क्रम लावणारा कर्नलचा भाग, पाहावा. २०२४ मधील ६.१० पूर्वीच्या कर्नलमध्ये झोनमधील लेखनांचा क्रम राखण्यासाठी एमक्यू-डेडलाइन शेड्युलर आवश्यक होता आणि त्या जागी नन निवडलेला असल्यास लेखने उलटसुलट पोहोचत. ६.१० पासून ही जबाबदारी ब्लॉक लेयरने स्वतःकडे घेतली आहे. वेग मोजण्यासाठी एफआयओ चालवत असाल, तर झोनमोड या पर्यायाला झेडबीडी ही किंमत देणे विसरू नये. नाहीतर ते साधन झोनचा विचार न करता लिहू लागते आणि पहिल्याच काही क्षणांत त्रुटी येते.

झोनची लांबी म्हणजे क्षमता नव्हे

एसएमआर डिस्कवर या दोन्ही गोष्टी सारख्याच असतात, म्हणून तेथून झेडएनएसकडे वळणारे येथे हमखास अडखळतात. लिनक्सला झोनची लांबी दोनच्या घातात लागते, पण फ्लॅशचे ब्लॉक त्या मापात बसतीलच असे नाही. वेस्टर्न डिजिटलच्या झेडएन५४० या ड्राइव्हमध्ये झोनची लांबी २ जीआयबी असते, तर प्रत्यक्ष लिहिता येण्याजोगी क्षमता १०७७ एमआयबी. उरलेले पत्ते रिकामे अंतर म्हणून राहतात आणि क्षमतेपलीकडे लिहू गेल्यास झोनच्या सीमेची त्रुटी येते. रिपोर्टमध्ये लेन (लांबी) आणि कॅप (क्षमता) हे दोन वेगळे आकडे असतात. लिहिताना कॅप पाहावा, पुढच्या झोनवर जाताना लेन.

‘टू मेनी ॲक्टिव्ह झोन्स’ हा संदेशही झेडएनएसवरच भेटतो. एकाच वेळी किती झोन अर्धवट भरलेल्या स्थितीत ठेवता येतात याला मर्यादा असते आणि ती सिसएफएसमधील मॅक्स ॲक्टिव्ह झोन्स या फाइलमध्ये वाचता येते. शून्य असल्यास मर्यादा नाही असे समजावे. येथे क्लोज कमांड देऊन उपयोग होत नाही, कारण बंद केलेला झोनही ॲक्टिव्हच मोजला जातो. झोन पूर्ण भरला, फिनिश केला (आहे त्या स्थितीत भरलेला म्हणून संपवला) किंवा रिसेट केला तरच जागा सुटते. फिनिश केल्यावर त्या झोनमधील उरलेली जागा पुढच्या रिसेटपर्यंत वाया जाते, म्हणून जवळजवळ भरलेले झोनच त्यासाठी निवडावेत.

फाइल सिस्टीम आणि पार्टिशन

होस्ट-मॅनेज्ड ड्राइव्हवर एक्स्ट४ थेट बसवता येत नाही. ती हवीच असेल तर मध्ये डीएम-झोन्ड हा थर लागतो. बीटीआरएफएसला झोन्ड पद्धत कर्नल ५.१२ पासून समजते, तर एक्सएफएसला ६.१५ पासून, एफ२एफएसमध्ये ही सोय ४.१० पासूनच आहे, पण तिच्या काही मेटाडेटाला जागच्या जागी लिहिता येणारे कन्व्हेन्शनल झोन किंवा वेगळे साधे डिव्हाइस लागते. पार्टिशन करण्याच्या भानगडीत पडूच नये, कारण कर्नल झोन्ड डिव्हाइसवरील पार्टिशन टेबलकडे दुर्लक्ष करतो.

खऱ्या ड्राइव्हवर हात चालवण्याआधी

कर्नलमधील एससीएसआय-डीबग हे मॉड्यूल झेडबीसीच्या मॅनेज्ड पर्यायासह सुरू केले, तर मेमरीत एक होस्ट-मॅनेज्ड डिस्क उभी राहते आणि चुकीच्या जागी लिहिल्यावर खऱ्या डिस्कसारखीच अनअलाइन्ड राइट कमांड परत करते. नल-बीएलके हे मॉड्यूलही झोन्ड डिव्हाइस बनवू शकते, मात्र त्यातून एससीएसआयचे सविस्तर संदेश मिळत नाहीत, म्हणून त्रुटी ओळखण्याच्या सरावासाठी मी पहिल्याची शिफारस करेन. काउंटशिवाय दिलेला रिसेट काय करतो, बफर केलेले लेखन कोठे अडते आणि पॉइंटर कसा सरकतो, हे सर्व तेथे एकेक कमांड देऊन व प्रत्येक कमांडनंतर रिपोर्ट काढून पाहता येते, आणि मॉड्यूल काढून टाकले की ती डिस्क कोणाचेही नुकसान न करता नाहीशी होते.