अमेरिकेतल्या कॉलेजात बास्केटबॉल खेळायचंय? गोव्यातून करायची तयारी

ही यादी नववी ते बारावीतल्या खेळाडूंसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. सराव, फिटनेस, झोप, बूट यांवर काही लिहीत नाही, ते तुमचे सर रोज सांगतात. जे सहसा कुणी सांगत नाही आणि वेळ टळून गेल्यावर ज्यासाठी धावपळ होते, तेवढंच इथे आहे. त्यातली एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: पूर्ण सामन्याचा, कुठेही न कापलेला व्हिडिओ.

कारण सरळ आहे. अमेरिकेतला प्रशिक्षक तुमचा खेळ बघायला पेडे किंवा नावेलीच्या स्टेडियमवर येणार नाही. तुम्ही पाठवलेली तीन मिनिटांची निवडक क्लिप त्याने बघितली आणि आवडली, तर त्याचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं: पूर्ण सामना पाठव. तेव्हा घरात सापडतात त्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या तीस-चाळीस सेकंदांच्या अंधुक क्लिपा, त्याही कुणाच्या तरी डोक्याआडून काढलेल्या. तालुका, जिल्हा, राज्य पातळीवरचे शालेय सामने एकदा होऊन गेले की गेले, परत कुणी खेळून दाखवत नाही. राष्ट्रीय स्पर्धेला गोव्याच्या संघातून गेलात तर तिथला प्रत्येक सामना सोन्यासारखा आहे, आणि नेमका तोच सुटतो, कारण आईवडील सोबत नसतात. निघण्यापूर्वीच मॅनेजरशी किंवा बेंचवरच्या राखीव खेळाडूच्या पालकांशी बोलून ठेवा, ट्रायपॉड त्यांच्या हातात द्या. पंजाब किंवा तामिळनाडूच्या संघाकडून मोठ्या फरकाने हरलात तरी तोच सामना पाठवायचा आहे. दुबळ्या संघाविरुद्ध केलेल्या तीस गुणांना किंमत नाही. तगड्या संघाने पूर्ण कोर्टभर प्रेस लावल्यावर, म्हणजे सगळीकडे अंगावर येऊन अडवल्यावर, बॉल वर आणता येतो का, हे त्यांना बघायचं असतं.

व्हिडिओ कसा काढायचा, ते नीट वाचा. फोन आडवा, ट्रायपॉडवर, मध्यरेषेच्या समोर, प्रेक्षक गॅलरीत जमेल तितक्या उंचीवर. दहाही खेळाडू फ्रेममध्ये दिसले पाहिजेत. नुसत्या बॉलच्या मागे किंवा आपल्याच मुलाच्या मागे कॅमेरा फिरवू नका. १०८० पिक्सेल, सेकंदाला ३० फ्रेम पुरेत. दहा मिनिटांचे चार क्वार्टर असलेला सामना प्रत्यक्षात दीड तासापर्यंत जातो, त्याची फाईल साधारण ६ ते १२ जीबी होते. आदल्या रात्री फोन रिकामा करून ठेवा आणि पॉवर बँक लावूनच सुरुवात करा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर तिसऱ्या क्वार्टरमध्ये मावशीचा फोन येतो आणि रेकॉर्डिंग तिथेच थांबतं. एसी गाडीतून उतरल्याबरोबर लेन्सवर वाफ धरते, दहा मिनिटं थांबून स्वच्छ सुती कापडाने पुसा. सिमेंटच्या उघड्या कोर्टवर संध्याकाळचा सामना असेल तर सूर्य पाठीशी ठेवा. टाइमआउटला रेकॉर्डिंग बंद करू नका. बाहेर काढल्यावर तुम्ही बेंचवर कसे बसता, सरांकडे बघता की पाण्याची बाटली आपटता, हेही बघितलं जातं. स्कोअरबोर्ड फ्रेममध्ये नसेल तर प्रत्येक क्वार्टर संपल्यावर स्कोअर तोंडाने सांगा. शेजारी उभं राहून "पास दे रे" म्हणून ओरडणाऱ्याला दुसरीकडे पाठवा.

घरी आल्यावर त्याच दिवशी मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा व्हिडिओ म्हणून पाठवू नका, दर्जा मरतो. यूट्यूबवर चढवताना 'अनलिस्टेड' निवडा. 'प्रायव्हेट' निवडलंत तर लिंक तुमच्या फोनवर उघडते आणि प्रशिक्षकाकडे उघडत नाही. तो परत विचारत बसत नाही, पुढच्या मुलाकडे वळतो. फाईलच्या नावात तारीख, प्रतिस्पर्धी संघ, तुमच्या जर्सीचा रंग आणि नंबर हवाच. गेल्या बारा महिन्यांतले निदान तीन पूर्ण सामने हाताशी असू द्यात. पावसाळ्यात उघडी कोर्टं चार महिने बंद पडतात, त्यामुळे 'बघू पुढच्या वेळी' म्हणालात की अख्खा मोसम हातचा जातो.

निवडक क्लिप तीन ते चार मिनिटांची करा, सर्वात चांगला खेळ पहिल्या अर्ध्या मिनिटात. सुरुवातीला नाव, उंची, खेळायची जागा (गार्ड, सेंटर वगैरे), बारावी पूर्ण होण्याचं वर्ष, जर्सी नंबर. प्रत्येक तुकड्याआधी क्षणभर चित्र थांबवून स्वतःभोवती वर्तुळ. गाणं लावू नका, कॉपीराइटमुळे व्हिडिओच अडकू शकतो. नुसते बास्केट नकोत. बॉक्स आउट (रिबाउंडसाठी प्रतिस्पर्ध्याला पाठीने अडवणं), मदतीला धावलेला डिफेन्स, जादा पासही हवेत. आणि ही क्लिप म्हणजे दारावरची बेल फक्त. पूर्ण सामना नसेल तर ती करण्यात रात्र घालवू नका.

आता कागद. एनसीएए ही अमेरिकी कॉलेज खेळांची मुख्य संघटना, तिच्या तीन पातळ्यांत डिव्हिजन वन सर्वात वरची. डिव्हिजन वन आणि टूसाठी नववी ते बारावीचे १६ कोअर, म्हणजे मुख्य अभ्यासाचे विषय मोजले जातात. त्यांचा जीपीए (४ पैकी गुणांची सरासरी) डिव्हिजन वनला किमान २.३ आणि टूला २.२ लागतो. म्हणजे नववीचं प्रगतिपुस्तकसुद्धा मोजणीत आहे. बहुतेकांना हे बारावीत कळतं, आणि तोवर शाळा बदलून हायर सेकंडरीत गेलेल्या मुलाला जुन्या शाळेतून नववीच्या गुणांची सहीशिक्क्याची प्रत काढायला खेपा घालाव्या लागतात. आजच काढून ठेवा. हायर सेकंडरीची शाखा निवडतानाही हे डोक्यात असू द्या: इंग्रजी, गणित, विज्ञान, अर्थशास्त्र, इतिहास कोअरमध्ये बसतात, अकाउंटन्सी किंवा व्होकेशनल विषय सहसा बसत नाहीत. कॉमर्सला जाऊन गणित सोडणाऱ्यांनी आधी बेरीज करून बघावी. सॅट-अ‍ॅक्ट या प्रवेश परीक्षांची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढली, पण कॉलेज स्वतः मागू शकतं. टोफेल, आयईएल्टीएस किंवा ड्युओलिंगो या इंग्रजीच्या परीक्षांपैकी काय चालतं ते प्रत्येक कॉलेजच्या पानावर बघा. जन्मदाखला, मार्कशीट, क्रीडा प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट यांवर नाव अक्षरशः एकच हवं. गोव्यात आडनावाची तीन स्पेलिंगं एकाच घरात सापडतात. दुरुस्तीला महिने जातात, नववीतच सुरू करा.

कोर्टवर दोन गोष्टी तपासा. पहिली, तीन गुणांची रेषा. फिबाने (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने) ती २०१० मध्ये ६.२५ वरून ६.७५ मीटरवर नेली, अमेरिकी कॉलेजातही आता ६.७५च आहे. शाळेच्या जुन्या सिमेंट कोर्टवर अजून जुनी रेषा असू शकते. रिंगच्या मध्याखाली जमिनीवर खूण करून टेप लावा. कमी भरली तर खडूने नवी ओढून तिच्याच मागून सराव करा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गोव्यात सहा फुटी मुलाला सेंटर म्हणून रिंगखाली उभं करतात. तिकडे त्याच उंचीचा मुलगा गार्ड असतो. त्याने बॉल हाताळताना, डाव्या हाताने ड्रिबल करताना, बाहेरून शॉट घेताना पूर्ण सामन्यात दिसायला हवं. सरांशी आधीच बोला. उंची बूट काढून मोजा आणि खरी लिहा, खोटी उंची पहिल्या व्हिडिओ कॉललाच पकडली जाते.

कुठे अर्ज करायचा? बंगळूरची संजना रमेश नॉर्दर्न अ‍ॅरिझोनाकडून आणि पंजाबची हरसिमरन कौर सॅन दिएगोकडून डिव्हिजन वन खेळली, म्हणजे दार बंद नाही. पण फक्त डिव्हिजन वनच्या मागे लागू नका. तिथे अनुभवी खेळाडू एका कॉलेजातून दुसऱ्यात येतात, त्यामुळे शाळेतून थेट येणाऱ्याला जागा थोड्या उरतात. डिव्हिजन टू, एनएआयए (कॉलेज खेळांची दुसरी, लहान संघटना) आणि तिकडची बारावीनंतरची दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं यांतली बरीच खेळासाठी शिष्यवृत्ती देतात. डिव्हिजन थ्री खेळासाठी देत नाही, पण अभ्यासावर किंवा गरजेनुसार मदत मिळू शकते.

ईमेल खेळाडूनेच लिहायचा, बाबांनी नव्हे. कॉलेजच्या संकेतस्थळावर सहायक प्रशिक्षकांचे पत्ते असतात, त्यांना दहा ओळींच्या आत लिहा. विषयाच्या ओळीत बारावीचं वर्ष, जागा, उंची, देश. आत दोन लिंका: निवडक क्लिप आणि पूर्ण सामना. हो, पूर्ण सामना पहिल्याच ईमेलमध्ये, मागायची वाट बघू नका. डिव्हिजन वनच्या पुरुष संघांचे प्रशिक्षक दहावीनंतरच्या १५ जूनपूर्वी उत्तर देऊ शकत नाहीत, तेव्हा त्याआधीच्या शांततेने खचू नका. उत्तर नाही आलं तर सहा-आठ आठवड्यांनी नवा सामना घेऊन परत लिहा.

पैशांबाबत सावध राहा. शिष्यवृत्तीच्या रकमेतला टक्का मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा, तसा करार तुमची पात्रताच धोक्यात घालतो. रोख बक्षिसाच्या स्पर्धेत खेळला असाल तर किती रक्कम, कुणाला मिळाली, खर्च किती, हे लिहून ठेवा. पात्रता तपासण्यासाठी एनसीएए आणि एनएआयए दोन्हींची नोंदणी वेगवेगळी असते.

पुढचं भराभर. तोंडी ऑफर म्हणजे काही नाही. नॅशनल लेटर ऑफ इन्टेन्ट, म्हणजे खेळाडूने कॉलेजला बांधून घ्यायचं पत्र, २०२४ मध्ये बंद झालं, आता कॉलेजचा आर्थिक मदतीचा लेखी करार बघायचा: शिक्षण शुल्क, राहणं, जेवण, पुस्तकं यांतलं काय काय आहे, किती वर्षांसाठी, दुखापत झाली तर काय. लसीकरणाची नोंद आणि सिकल सेलची रक्त तपासणी इथेच करून घ्या. मग आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो प्रवेशाचा कागद), त्यावर सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीचे) ३५० डॉलर, त्याची पावती, एफ-१ व्हिसाची मुलाखत मुंबईला. तारखा लवकर भरतात, आय-२० आल्याच्या दिवशीच बघायला लागा.