गावच्या मंडळाची वेबसाइट काढताय? टूल निवडताना या चुका टाळा

कोकणातल्या कुठल्याही ग्रामस्थ मंडळाची मुंबईतली बैठक घ्या. देवळाचा जीर्णोद्धार, पालखीची तारीख, गणपतीचं एसटी ग्रुप बुकिंग हे विषय उरकले की कुणीतरी म्हणतंच, "आपली वेबसाइट पाहिजे." मग कुणाचा तरी इंजिनिअर पुतण्या पुढे होतो.

पुतण्याला जे येतं तेच टूल घेणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आमच्याकडे हेच झालं. त्याने वर्डप्रेस हे साइट बांधायचं सॉफ्टवेअर टाकलं, वीसेक प्लगइन (जादा सोयींचे छोटे प्रोग्राम) चढवले, साइट देखणी केली आणि नोकरीसाठी बंगळूरला गेला. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्याच्या ईमेलवर, ओटीपी त्याच्या बंद पडलेल्या नंबरवर. प्लगइन कुणी अपडेट केले नाहीत, नूतनीकरणाचे ईमेल कुणी वाचले नाहीत. एके सकाळी पाहतो तर आमच्या नावाचं डोमेन विक्रीला! म्हणून डोमेन मंडळाच्या ईमेलवरच घ्या, आणि कार्यकारिणी बदलली की पासबुक-शिक्क्याबरोबर पासवर्डही नव्या सेक्रेटरीच्या हाती द्या.

टूलसाठी माझी कसोटी एकच: साठी ओलांडलेल्या खजिनदारांना पालखीची तारीख स्वतः बदलता येते का? गूगल साइट्स फुकट आणि सोपी आहे, पण त्यात बदल करायला कॉम्प्युटर लागतो. खजिनदारांकडे फक्त मोबाइल असेल तर गूगलचंच ब्लॉगर बरं.

वर्डप्रेसचं ठरलंच, तर डॉट कॉम आणि डॉट ऑर्ग यांत गल्लत नको. डॉट कॉमवर होस्टिंग, म्हणजे साइट इंटरनेटवर ठेवायची जागा, तेच सांभाळतात; डॉट ऑर्गवरून नुसतं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, होस्टिंग आणि बॅकअप आपल्या गळ्यात.

टूल उद्या बंद पडलं तर त्यातून बाहेर कसं पडायचं, हे आधी तपासा. जिओसिटीज ही साइट बांधायची जुनी सेवा 2009 साली अमेरिकेत बंद झाली, जुनी गूगल साइट्सही गेली. वर्डप्रेस आणि ब्लॉगरमधून मजकुराची फाइल काढून घेता येते. विक्स या तयार सेवेवर बांधलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. पुन्हा नव्याने बांधा.

आता नेहमीची तक्रार: "जुन्या अहवालातला मजकूर पेस्ट केला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो." यात टूलचा दोष नाही. श्रीलिपी, कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षर-संकेतांत, आणा आणि मग डोळ्यांनी तपासा, विशेषतः रफार आणि जोडाक्षरं. शीर्षकातल्या वेलांट्या कापल्या जात असतील तर थीममध्ये (साइटच्या तयार साच्यात) ओळींमधलं अंतर वाढवा आणि नोटो सॅन्स देवनागरीसारखा फॉन्ट लावा. थीम निवडतानाच नमुन्याला "र्‍हस्व, कीर्तन, ट्रस्टी" असे शब्द टाइप करून पाहिले तर ही कटकट आधीच कळते.

आणि सभासदांची फोन नंबरांसकट यादी साइटवर टाकू नका. फार हौस असेल तर नावं आणि वाडी एवढंच, तेही विचारून.