पुण्याहून एका दिवसात महाबळेश्वर: या चुका टाळा

तीन हिवाळे मी शनिवार-रविवारी एका सहलवाल्याच्या गाडीबरोबर ‘सहकारी’ म्हणून जात होतो. सहकारी म्हणजे दाराजवळच्या सीटवर बसून माणसं मोजणारा, पाण्याच्या बाटल्या वाटणारा आणि प्रत्येक थांब्यावर “बरोबर पाऊण तासाने गाडीपाशी!” असं ओरडणारा. सतरा सीटांची टेम्पो ट्रॅव्हलर, सकाळी साडेसहाला स्वारगेट, रात्री अकराच्या सुमारास परत. माणसं दर खेपेला नवी, चुका मात्र त्याच. त्यातल्या बहुतेकींचं मूळ एकच असायचं: डोंगरावर आपल्या वाट्याला वेळ किती येणार, हे कुणी मोजलेलंच नसायचं.

मोजून बघा. पुणे-महाबळेश्वर साधारण १२० किलोमीटर. जाताना नाश्त्यासकट चार तास, येताना तेवढेच. जेवणाचा एक तास, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यात दोन. साडेसोळा तासांतून हे वजा केलं की उरतात साडेपाच. त्यात पाचगणी, महाबळेश्वर, खरेदी आणि सूर्यास्त.

पत्रकातल्या ठिकाणांची संख्या बघून गाडी ठरवणे

“एका दिवसात २० ठिकाणं” असं वाचून लोक खूश होतात. यातली निम्मी ठिकाणं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असतात. एको, माल्कम, टायगर स्प्रिंग, विंडो आणि आर्थर सीट हे सगळे पॉइंट एकाच पायवाटेच्या आजूबाजूचे. पत्रकात त्यांना पाच नंबर मिळतात, तुम्हाला मिळतो एक थांबा. म्हणून ठिकाणं मोजू नका, गाडी किती वेळा थांबणार आणि प्रत्येक ठिकाणी किती वेळ, ते विचारा. समोरच्याला चटकन सांगता आलं नाही तर त्याने ते ठरवलेलंच नाही, एवढं समजा.

यातला सगळ्यात महागात पडणारा हट्ट म्हणजे प्रतापगड. गड बघू नका असं मी कसं म्हणेन! पण महाबळेश्वरपासून तो वीस-बावीस किलोमीटर, आंबेनळी घाटातून उतरून जावं लागतं. जाऊन-येऊन गाडीतच दीड-दोन तास. वाहनतळापासून वर पायऱ्या, भवानीमातेचं देऊळ, बालेकिल्ला, आणि १० नोव्हेंबर १६५९ला काय घडलं ते नीट ऐकायचं तर गडावरचा वाटाड्या घ्यायलाच हवा. म्हणजे आणखी दोन तास. साडेपाचातून चार गेले. आमच्या गाडीत दर दोन-तीन खेपांमागे कुणीतरी म्हणायचं, “इतक्या लांब आलोय तर गड करूनच जाऊ.” एकदा सगळ्यांनीच आग्रह धरला आणि आम्ही गेलो. परत वर आलो तेव्हा अंधार पडला होता. आर्थर सीट बघायला म्हणून खास नागपूरहून आलेले एक काका परतीच्या वाटेवर शेवटपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. प्रतापगड हवा असेल तर एक दिवस त्याचा ठेवा आणि पाचगणी-महाबळेश्वरवर पाणी सोडा.

पांढरी नंबर प्लेट, आणि “सगळं धरून” म्हणजे काय

प्रवासी भाड्याने नेणाऱ्या गाडीची नंबर प्लेट पिवळी असते, वर काळी अक्षरं. पांढऱ्या प्लेटची घरगुती गाडी घेऊन कुणी सहल काढत असेल तर ते परवान्यात बसत नाही, आणि काही झालंच तर विम्याचं भांडण तुमच्या गळ्यात. पैसे भरण्याआधी गाडीचा फोटो मागवा.

दुसरं, महाबळेश्वरात शिरताना नगरपालिकेचा प्रवासी कर माणशी द्यावा लागतो. काही पॉइंटवर वेगळी पावती फाडतात, पार्किंगचे वेगळे. सगळं मिळून रक्कम फार नसते, पण नाक्यावर रांग लागलेली असताना सतरा माणसांकडून सुटे गोळा करणं म्हणजे दहा मिनिटं गेली. काय धरलंय आणि काय नाही हे लेखी, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी घ्या. रोख पैसेही ठेवा, पॉइंटवर रेंज गेली की क्यूआर कोड नुसता बघायला राहतो.

मिसळ

यावर मी वेगळा परिच्छेद लिहिणार, कारण ती पुसलीय कुणी, तर मी.

महामार्गावर नाश्त्याला गाडी थांबते. थंडी असते, सुट्टीचा मूड असतो, आणि लोक तर्रीदार मिसळ मागवतात, वर जास्तीचा रस्सा. पुढे खंबाटकी घाट येतो, तो तसा निभावतो. सुरूर फाट्याला महामार्ग सोडून वाई गाठली की पसरणी घाट सुरू होतो. वळणामागून वळण, आणि ट्रॅव्हलरची मागची सीट चाकाच्याही मागे असल्याने प्रत्येक वळणाला झोका. चौथ्या-पाचव्या वळणावर मागून आवाज यायचा, “दादा, जरा गाडी थांबवता का?” घाटात थांबायला जागा पटकन मिळत नाही.

ज्याला गाडी लागते त्याला ते माहीत असतं, फक्त सांगायची लाज वाटते. सांगा. पुढची सीट मागून घ्या. नाश्त्याला उपमा, पोहे किंवा नुसती इडली, तीही पोट अर्धं रिकामं ठेवून. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी चालत असेल तर (डॉक्टरांना आधी विचारून) ती नाश्त्याच्या थांब्यावरच घ्या. घाट लागल्यावर घेतलेली गोळी लागू पडेपर्यंत पाचगणी आलेली असते, आणि मग टेबललँडवर बाकीचे हिंडत असताना तुम्ही गाडीत पेंगत बसता. मोबाइल बंद करून समोरच्या रस्त्याकडे बघा. खिडकी बोटभर उघडी. आलेपाक किंवा आवळासुपारी तोंडात ठेवली की बऱ्याच जणांना बरं वाटतं.

आणि तरीही उलटी झालीच तर पिशवी मागा आणि मोकळे व्हा. आवरून धरणाऱ्या एका काकूंनी शेवटी शेजारच्या अनोळखी आजोबांच्या स्वेटरवर… जाऊ दे. आजोबा फार सज्जन होते.

वाईचं आभाळ बघून कपडे ठरवणे

वाई डोंगराच्या पायथ्याला, पर्जन्यछायेत. महाबळेश्वर सह्याद्रीच्या अगदी कड्यावर, सुमारे १,३७२ मीटर उंच, कोकणातून चढून आलेले ढग पहिल्यांदा तिथेच मोकळे होतात. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. त्यामुळे जून ते सप्टेंबर वाईत कोरडं ऊन, पाचगणीत झिमझिम आणि पुढच्या वीसेक किलोमीटरवर महाबळेश्वरात धो धो, असे तीन ऋतू एकाच सकाळी भेटतात. वाईत ऊन बघून लोक रेनकोट डिकीत टाकतात, आणि वर डिकीवर ताडपत्री बांधलेली असते. छत्रीचा उपयोग नाही, पहिल्याच कड्यावर ती उलटी होते.

भर पावसाळ्यात पॉइंट बघायला म्हणून जाऊच नका. आर्थर सीटच्या कठड्याला टेकून समोर बघितलं तर पांढरी भिंत. सावित्रीचं खोरं त्यामागे कुठेतरी. पाऊस, धुकं आणि धबधबे बघायचे असतील तर जरूर जा, लिंगमळ्याचा धबधबा तेव्हाच खरा. पण मग तक्रार करू नका. धुकं असेल तर एक उपाय आहे, सहलवाल्याला पटला तर: पॉइंट सोडा आणि क्षेत्र महाबळेश्वराला, म्हणजे जुन्या देवळांच्या महाबळेश्वराला, जास्त वेळ द्या. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचं पाणी गोमुखातून पडतं, आणि जवळचं कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ तर धुक्यातच बघावं. बहुतेक गाड्या तिकडे फिरकतही नाहीत.

डिसेंबर-जानेवारीत उलटी गंमत. दुपारी बाराला उन्हात घाम, साडेपाचला कड्यावरच्या वाऱ्यात दात वाजतात. वेण्णा तलावाच्या काठावर कडाक्याच्या थंडीत पहाटे दवबिंदू गोठल्याचे फोटो दरवर्षी पेपरात येतात ते उगाच नाही. कानटोपी खिशात असू द्या, बॅगेत नको, कारण बॅग गाडीत राहते.

गाडीतला माणूस गाईड आहे असं समजणे

मी गाईड नव्हतो. मला पाठ केलेली पंधरा वाक्यं येत होती. टेबललँडवर मी “आशियातलं दुसऱ्या क्रमांकाचं पठार” असं छातीठोक सांगायचो, कारण आधीचा मुलगा तसंच सांगायचा. एकदा एका शाळकरी मुलीने विचारलं, “मग पहिलं कुठलं?” त्या दिवसापासून ते वाक्य बंद. लाव्हाच्या थरांवर जांभ्या दगडाची सपाट टोपी बसून ते पठार झालंय, हे मला पुढे तिथल्याच एका घोडेवाल्याने समजावलं, आणि ते कितीतरी छान आहे.

तेव्हा बुक करताना विचारा: माहिती सांगणारा माणूस स्थानिक आहे का? नसेल तर वाईचा ढोल्या गणपती (सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं देऊळ) किंवा मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा यांबद्दल घरूनच वाचून जा. मेणवलीच्या घाटावर टांगलेली घंटा चिमाजी आप्पांच्या १७३९च्या वसई विजयानंतर तिथल्या चर्चमधून आली, हे कळल्यावर ती घंटा वेगळीच दिसते.

आता कडू गोष्ट. आमच्या गाडीचा सगळ्यात लांब थांबा कुठे होता? चिक्की, सरबतं आणि चपलांच्या दुकानात. पन्नास मिनिटं. आर्थर सीटला पंचवीस. दुकानदार मालकाला काय देत असे ते मला कधी कळलं नाही, पण तो थांबा कधीच चुकला नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून सकाळीच सांगितलंत, “दुकान वीस मिनिटं, बाकी वेळ पॉइंटला,” तर सहकाऱ्याचं काही चालत नाही. एकट्याने म्हटलं तर तो हसून सोडून देतो. मी सोडून द्यायचो.

सूर्यास्ताचं गणित

डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, मे महिन्यात सातच्या. पत्रकावर मात्र बाराही महिने “सायं. ६.३० मुंबई पॉइंट” छापलेलं. हिवाळ्यात साडेपाचला तिथे पोचायलाच हवं, आणि पोचू देत नाही तो वेण्णा तलाव. १८४२मध्ये बांधलेला हा तलाव पाचगणीकडून येणाऱ्या रस्त्याला अगदी लागून आहे. शनिवारी-रविवारी नौकाविहाराची रांग, घोडे, मक्याची कणसं आणि आडव्या-तिडव्या लावलेल्या गाड्या, यातून एक किलोमीटर जायला कधीकधी पाऊण तास लागतो. नाव चालवायची असेल तर जाताना दुपारच्या आत चालवा, नाहीतर चक्क सोडा. मंगळवार-बुधवारी सुट्टी मिळत असेल तर हा सगळा परिच्छेद विसरून जा.

आणि सूर्योदय? विल्सन पॉइंट, १,४३९ मीटर, इथली सगळ्यात उंच जागा. एका दिवसाच्या सहलीत तो पत्रकात असला तरी सूर्योदय नसतो, कारण त्या वेळी तुम्ही कात्रजपाशी जांभया देत असता.

गाडी चुकली तर

वाहनतळावर तीस पांढऱ्या ट्रॅव्हलर उभ्या असतात. उतरल्याबरोबर नंबर प्लेटचा फोटो काढा आणि सहकाऱ्याबरोबरच ड्रायव्हरचाही नंबर घ्या, कारण सहकारी तुम्हालाच शोधत रेंज नसलेल्या ठिकाणी गेलेला असतो. चुकामूक झाली तर बाजारात गाडी शोधत हिंडू नका. एका जागी उभे राहा, दुकानाचं नाव मेसेजने कळवा. गाडी खरोखर निघून गेली असेल तर एसटी स्टँड गाठा आणि मिळेल त्या गाडीने वाई किंवा सातारा. पुण्याची थेट गाडी मिळेल म्हणून वर ताटकळू नका.

कड्यावर माकडं आहेत. हातात पिशवी दिसली की ती त्यांची. आर्थर सीटच्या वाऱ्यात हलकी वस्तू खाली टाकली तर वर येते, म्हणून लोक बाटल्यांची बुचं टाकून बघतात. सगळी परत येत नाहीत. दरीत वाकून बघितलं की कळतं.

स्ट्रॉबेरी

नोव्हेंबर अखेरपासून मार्चपर्यंत चांगली मिळते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे प्रत्येक गाडीवर ते सांगतात. चूक अशी की लोक सकाळी अकरालाच पाचगणीत पेट्या घेतात. दिवसभर बंद गाडीत ऊन, वर कुणाची तरी बॅग, आणि घरी पोचेपर्यंत जॅम. परतीच्या वाटेवर घ्या. तेव्हा अंधार असतो, म्हणून मोबाइलचा टॉर्च लावा आणि डबी उलटी करून खालून बघा: वर टपोरी लाल, खाली बोराएवढी पांढुरकी, हा नेहमीचा खेळ. तळाला रस सुटलेला दिसला तर नको म्हणा. देठ काढू नका, खायच्या वेळेपर्यंत धुऊ नका.

परतताना खंबाटकीला घाट नाही, बोगदा आहे, त्यामुळे सगळे झोपतात. शिरवळ मागे पडलं की ड्रायव्हरकाकांना कुठे उतरायचं ते सांगून ठेवा. नवीन कात्रज बोगद्यातून गाडी नवले पुलाकडे निघते, तेव्हा नऱ्हे-वारजे-कोथरूडकरांनी स्वारगेटपर्यंत जाऊन रात्री अकराला रिक्षावाल्यांच्या विनवण्या करण्यात अर्थ नाही. उतरताना सीटखाली वाका. दर खेपेला दोन-तीन डब्या राहायच्याच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणाचा फोन आला नाही तर त्या काका आणि मी खायचो.