उन्हाळी क्रोशे ब्लाऊज: पहिली साखळी घालण्यापूर्वीची तयारी

उन्हाळ्यात घालायचा ब्लाऊज एप्रिलमध्ये विणायला घेतला, तर तो बहुधा गणेश चवथीलाच अंगावर येतो. म्हणून यादीत सगळ्यात आधी कॅलेंडर. गोव्यात जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास पाऊस लागतो. त्यानंतर सुती विणकाम लवकर वाळत नाही आणि कुबट वास धरतं. शेवटची धुलाई मेच्या मध्यापर्यंत उरकायची असेल तर जानेवारीअखेर दोरा घरात हवा.

वेळेचा अंदाज असा काढायचा. पुढच्या भागाची एक ओळ साधारण 97 टाक्यांची आणि मिनिटाला बारा टाके हा बेताचा वेग, म्हणजे ओळीला आठ मिनिटं. पुढे-मागे मिळून शंभर ओळी धरल्या तर तेरा तासांहून थोडे अधिक. त्यात बाह्या, गळपट्टी, शिवण आणि उसवाउसवी नाही. उसवणं होणारच, तेव्हा हिशेब दुप्पट धरावा.

दोरा शंभर टक्के सुती घ्या. अ‍ॅक्रिलिक स्वस्त पडतं, धुवायला सोपं, रंगही भरपूर. पण ते घाम शोषत नाही आणि मडगाव-पणजीच्या दमट दुपारी अंगाला चिकटून बसतं. सुतीमध्ये मर्सराइज्ड, म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेला, दोरा चकचकीत, पिळाला पक्का, रंगाला टिकाऊ. शिंपल्यांसारख्या नक्षीचे कंगोरे त्यात स्पष्ट उठतात. साधा सुती दोरा मऊ आणि जास्त शोषक, पण काखेत घासून त्याला लव येते. सजावटीच्या ब्लाऊजला मर्सराइज्डच बरा. जाडी म्हणाल तर 50 ग्रॅमच्या गुंड्यात 125 ते 150 मीटर दोरा असेल असा बघा. लेसचा बारीक दोरा देखणा दिसतो, पण पहिला ब्लाऊज त्यात करू नये. पुढचा भाग संपेपर्यंत हौस संपते.

सगळे गुंडे एकाच डाय लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या खेपेतले, हवेत. लेबलावरचा लॉट नंबर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन लॉटचा पांढरा रंग एकच दिसतो. विणून झाल्यावर उन्हात उभं राहिलं की छातीवर आडवी रेघ उमटते. लहान दुकानात हवे तेवढे गुंडे मिळतीलच असं नाही. आधी एक गुंडा घ्या, त्याच लॉटचे आणखी सहा बाजूला ठेवायला सांगा आणि दोन-तीन दिवसांत सॅम्पल, म्हणजे मापासाठी विणलेला छोटा तुकडा, करून नक्की आकडा घेऊन परत जा. दोन लॉट वापरावेच लागले तर सीमेवरच्या दहा-बारा ओळींत दोन ओळी याच्या, दोन त्याच्या अशा घाला, फरक विरघळतो.

कुणबी साडीचा लाल रंग पांढऱ्याबरोबर घ्यायचा मोह होतो, आणि दिसतोही झकास. पण आधी लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा हातभर नव्हे, चार बोटांचा तुकडा विणा, अर्धा तास कोमट पाण्यात बुडवा आणि ओला असतानाच पांढऱ्या रुमालात गुंडाळून ठेवा. रुमालाला गुलाबी झाक आली तर तो लाल दोरा एकट्याच्याच ब्लाऊजला वापरायचा.

आता सॅम्पल. बहुतेक ब्लाऊज इथेच बिघडतात, कारण सॅम्पल एक तर केलं जात नाही, किंवा साध्या खांबाचं (सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन विणलेला उंच टाका) करून ब्लाऊज मात्र शिंपल्यांचा विणला जातो. जी नक्षी अंगावर येणार, तिचंच सॅम्पल हवं. शिंपल्याची नक्षी सहा टाक्यांची: एक मुका खांब (वेढा न घेता विणलेला आखूड टाका), दोन टाके सोडून पुढच्या एकाच टाक्यात पाच खांब, परत दोन सोडायचे, शेवटी एक मुका खांब जास्त. 3 मिमीच्या सुईने पाच शिंपले रुंद आणि तेवढाच उंच, साधारण 15 सेंमीचा चौकोन विणा.

तो धुण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. समजा 10 ग्रॅम भरला. 48 सेंमी रुंद आणि 50 सेंमी लांब असे दोन भाग, शिवाय 35 बाय 15 सेंमीच्या दोन बाह्या, मिळून 5,850 चौरस सेंमी. सॅम्पल 225 चौरस सेंमीचं, म्हणजे त्याच्या 26 पट: 260 ग्रॅम. गळपट्टी, शिवण आणि टोकं यांसाठी पंधरा टक्के वाढवले की 300 ग्रॅम, सहा गुंडे. सातवा राखीव.

मग सॅम्पल धुवा, सपाट वाळवा आणि मधल्या तीन शिंपल्यांचं माप घ्या. कडेचे मोजू नका, ते आकसलेले असतात. तिन्हींचे मिळून 9 सेंमी आले तर एक शिंपला 3 सेंमीचा. सोळा शिंपले म्हणजे 48, दोन्ही भाग मिळून 96 सेंमी. 92 सेंमी छातीला, म्हणजे साधारण 36 इंचाला, चार सेंमी सैल. छान. पण तेच माप 8.4 आलं तर शिंपला 2.8 सेंमीचा आणि पूर्ण घेर 89.6, छातीहूनही कमी! 9.6 आलं तर 102.4, खांद्यावरून घसरेल असा. शिंपल्यामागे दोन मिलिमीटरचा हा खेळ आहे. हात घट्ट असेल तर सुई अर्ध्या मिलिमीटरने वाढवा, सैल असेल तर उतरवा. हात बदलायचा प्रयत्न करू नका. दहाव्या ओळीला तो मूळ पदावर येतो.

एक चाचणी अजून आहे, ती सहसा कोणी करत नाही. वाळलेलं सॅम्पल दोरीवर चिमट्यांनी अडकवून खालच्या कडेलाही चार-पाच चिमटे लावा आणि रात्रभर टांगून ठेवा. सुती दोऱ्याला लोकरीसारखी परत जाण्याची सवय नाही. स्वतःच्या वजनाने तो उतरतो. 15 चे 16 सेंमी झाले तर 50 सेंमीचा ब्लाऊज घालून घालून 53 च्या पुढे जाणार. तेव्हा विणायचा 47 चाच.

सुया तीन हव्यात: 2.5, 3 आणि 3.5 मिमी. मोठी सुई सुरुवातीच्या साखळ्यांसाठी. सोळा शिंपल्यांच्या 97 टाक्यांना 98 साखळ्या घालून दुसऱ्या साखळीपासून मुके खांब सुरू करायचे. या साखळ्या नेहमीच्या सुईने घट्ट बसल्या तर खालची कड आत ओढली जाते आणि ब्लाऊज कमरेला फुगा धरतो, नंतर कितीही इस्त्री फिरवा. दोरा फाटत असेल, म्हणजे सुईच्या टोकात अर्धीच पदरं येत असतील, तर जरा बोथट टोकाची सुई घ्या. घामाने धातूची सुई दोऱ्याला अडते. जवळ कोरडा नॅपकिन असू द्या. पावडर लावू नका, ती टाक्यांत बसून पांढरा दोरा मळकट करते.

टाचण्या बिनगंजाच्याच. खाऱ्या हवेत साधी टाचणी ओल्या सुतात एक रात्र राहिली तरी तांबडा ठिपका उमटतो आणि तो काढता काढता दोरा कमजोर होतो. बटणं करवंटीची घ्या, धातूची नको. खरे शिंपले टांगायचे असतील तर भोकांच्या कडा बारीक सॅंडपेपरने घासून घ्या, नाहीतर महिन्याभरात दोरा कापतात. खुणेच्या रिंगा, टेप, बोथट शिवणसुई आणि खांद्याच्या शिवणीत आतून घालायला अर्धा इंच रुंद सुती पट्टी, एवढं शिवणसाहित्याच्या दुकानात मिळतं. पट्टी विसरू नका: सगळं वजन खांद्यावर येतं आणि गळा तिथूनच सुटतो.

नक्षीचा तक्ता परदेशी असेल तर तो अमेरिकन की ब्रिटिश ते आधी बघा. अमेरिकन सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिश डबल क्रोशे, आपला मुका खांब. चुकीचा धरला तर ब्लाऊजची उंचीच बदलते.

अस्तर ब्लाऊजला शिवू नका. मलमलची सुटी स्लिप आत घाला. विणकाम ताणतं, मलमल ताणत नाही, आणि जोडलेलं अस्तर दुसऱ्या धुण्यात झोळ देतं. साडीवर घालणार असाल तर पदराची पिन टाक्यांत न टोचता आतल्या पट्टीत घ्या.

उरलेल्या दोऱ्याची छोटी लडी लेबलासकट ठेवा आणि ब्लाऊज धुताना तीही पाण्यात टाकून सावलीत वाळवा. पुढे टाका तुटला की डागडुजीचा दोरा ब्लाऊजइतकाच उतरलेल्या रंगाचा मिळतो.