मैत्रिणीवर अत्याचार झाला तर: पहिले तीन दिवस

पार्टीत, ट्रिपवर किंवा रूमवर ओळखीच्याच मुलाने जबरदस्ती केली असं मैत्रिणीने सांगितलं, तर आधी दवाखाना, मग पोलीस. एफआयआरशिवाय तपासणी नाही, असं काउंटरवर ऐकायला मिळू शकतं. ते खरं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 397 सांगतं की सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने लगेच आणि मोफत उपचार द्यायचे. रुग्णालयाला पोलिसांना कळवावं लागतं, पण तिला 18 पूर्ण असतील आणि तक्रार नको असेल तर ती तसं लिहून देऊ शकते. उपचार थांबत नाहीत.

निघण्याआधी अंघोळ, चूळ, कपडे बदलणं टाळा. झालंच असेल तरी जा. नमुने साधारण 96 तासांपर्यंत घेतात, आणि जखमांची नोंद व औषधं तर लागतातच. काढलेले कपडे न धुता, प्रत्येक वेगळा, कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो.

पेयात काही मिसळल्याची शंका असेल तर खरी घाई लघवीची. काही द्रव्यं जेमतेम बारा तासांत शरीरातून निघून जातात. वाटेत थांबवत नसेल तर स्वच्छ, कोरड्या बाटलीत लघवी धरा, नंतर पुसू नका, बाटलीवर वेळ लिहा. रक्त आणि लघवी दोन्ही तपासायला पाठवा, असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सगळ्यांच्या डोक्यात गोळीच असते, प्रत्यक्षात बहुतेक वेळा साधी दारू पुरते, आणि ती तिने स्वतःहून घेतलेली असू शकते. म्हणून गुन्हा हलका होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 प्रमाणे नशेत काय चाललंय हे समजत नसताना दिलेला होकार ही संमती नव्हे, आणि प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही. त्यामुळे ती प्यायली होती हे डॉक्टरांपासून लपवू नका.

तपासणीचा प्रत्येक टप्पा तिच्या संमतीने होतो. एखादा नाकारला तरी बाकीचे चालू राहतात. ‘टू-फिंगर टेस्ट’, म्हणजे योनीत दोन बोटं घालून केलेली तपासणी, करू देऊ नका. ती करणं हे गैरवर्तन आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावलंय. गर्भ राहू नये म्हणून लेव्होनॉरजेस्ट्रेल 1.5 मिलिग्रॅम, 72 तासांच्या आत आणि जितकी लवकर तितकी बरी. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. एचआयव्ही टाळण्याची औषधंही 72 तासांच्या आतच सुरू करायची आणि पूर्ण 28 दिवस घ्यायची. मळमळ होते म्हणून ती मध्येच सोडली जातात. मैत्रीण म्हणून रोज आठवण करण्याचं काम तुमचं.

पोलिसांकडे जायचं ठरलं तर ट्रिप गोव्यात आणि कॉलेज पुण्यात असलं तरी पुण्यातलं कुठलंही ठाणं ‘झिरो एफआयआर’ नोंदवतं. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही. अशा गुन्ह्यात नोंद नाकारणाऱ्या पोलिसालाच भारतीय न्याय संहितेच्या कलम 199 खाली सहा महिने ते दोन वर्षं कैद आहे. जबाब महिला अधिकारी घेते, एफआयआरची प्रत मोफत मिळते. मदतीला 112 किंवा महिला हेल्पलाइन 181.

फोनमधलं काहीही पुसू नका, विशेषतः त्याचे दुसऱ्या दिवशीचे ‘सॉरी यार’ छापाचे मेसेज. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही, मूळ फोन जपा. आपोआप गायब होणारे मेसेज असतील तर ती सेटिंग लगेच बंद करा. हॉस्टेल, बार, लॉज इथलं सीसीटीव्ही काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते राखून ठेवा असं पत्र पहिल्याच दिवशी द्या आणि पोच घ्या. तिला खोदून खोदून विचारू नका. तिला जमेल तेव्हा, तिच्याच शब्दांत, वेळेसह एकदा लिहून काढू द्या.

लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत लेखी तक्रार करता येते, पोलिसांत गेलात तरी आणि न गेलात तरी. युजीसीच्या 2015 च्या नियमांत मुलगेही तक्रार करू शकतात. ‘करिअरचा विचार करा, मिटवून टाका’ हा दबाव इथेच येतो. समेट फक्त तिने मागितला तरच, आणि पैशांवर कधीच नाही. चौकशी चालू असताना त्याला दूर ठेवण्याची मागणी अर्जातच लिहा.

अकरावी-बारावीची मुलगी 18 खालची असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, लागतो. तिथे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, त्यामुळे ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन तिला देऊ नका. चाइल्डलाइनच्या 1098 वर फोन करा.