गावचा माणूस धोरणाच्या खुर्चीवर गेला, तर त्याला निवेदन कसे द्यावे

कोल्हापूरचा कोणी सरकारच्या तंत्रज्ञान धोरणाशी संबंधित पदावर नेमला गेल्याची बातमी आली, की दुपारपर्यंत त्याच्या पेठेतल्या चौकात डिजिटल लागते, संध्याकाळी तालीम मंडळात सत्काराची तारीख ठरते आणि रात्री त्याच्या वडिलांच्या फोनवर लांबच्या पाहुण्यांच्या मुलाचा बायोडेटा येऊन पडतो. (बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे फ्लेक्सच्या फलकालाच डिजिटल म्हणतात, त्याचा तंत्रज्ञानाशी दुसरा काही संबंध नाही.) कौतुक खरेच असते, पण ज्या कामासाठी तो माणूस तेथे गेला आहे त्या कामापर्यंत गावाचा अनुभव नेण्याची संधी या गडबडीत निसटते. ती कशी साधावी, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

आधी आदेश वाचावा

वर्तमानपत्रात ‘सल्लागार’, ‘संचालक’ आणि ‘समितीचे सदस्य’ हे शब्द एकाच वजनाने छापले जातात. प्रत्यक्षात त्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. समितीचा सदस्य अहवालावर सही करतो, सल्लागार टिप्पणी लिहितो, आणि फाईल पुढे सरकवण्याचा अधिकार विभागातल्या नियमित अधिकाऱ्याकडे असतो. केंद्रात सहसचिव आणि त्यावरच्या पदांच्या नेमणुका मंत्रिमंडळाच्या नियुक्तीविषयक समितीच्या मान्यतेने होतात आणि त्यांचे आदेश जाहीर होतात. म्हणून सर्वप्रथम तो आदेश मिळवावा आणि त्यातून चार गोष्टी टिपून घ्याव्यात : पदाचे नेमके नाव, विभाग, मुदत, आणि नेमणूक प्रतिनियुक्तीवर आहे की कंत्राटी. निव्वळ जाहिरात निघाली म्हणून पेढे वाटू नयेत. ऑगस्ट २०२४ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांना थेट घेण्यासाठी ४५ पदांची जाहिरात लोकसेवा आयोगाने काढली होती आणि ती काही दिवसांतच मागे घेण्यात आली, हे लक्षात ठेवावे.

नेमणूक परदेशी सरकारात असेल, तर मागणीचा प्रश्नच उरत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये चेन्नईत जन्मलेले श्रीराम कृष्णन यांचे नाव अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचे धोरण सल्लागार म्हणून जाहीर झाले. अशा माणसाची बांधिलकी त्या देशाशी असते. त्याला शुभेच्छांचे पत्र धाडावे आणि तेथेच थांबावे.

कोणाच्या हातात काय आहे

निवेदने वाया जाण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे चुकीचे दार. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे वैयक्तिक डेटाचे संरक्षण, कृत्रिम बुद्धिमत्ता, सेमीकंडक्टर, आधार आणि भारतीय भाषांसाठीचा ‘भाषिणी’ उपक्रम हे विषय आहेत. मोबाईल टॉवर, स्पेक्ट्रम आणि रेंज हा दूरसंचार विभागाचा कारभार आहे; गगनबावडा किंवा शाहूवाडीच्या वाड्यांत रेंज नसेल तर दूरसंचार विभाग आणि ग्रामीण सेवेसाठीचा ‘डिजिटल भारत निधी’ यांचे दार ठोठवावे लागते. सातबारा, फेरफार आणि पोलीस हे विषय राज्याचे आहेत. दिल्लीतल्या अधिकाऱ्याने कितीही मनावर घेतले, तरी तलाठ्याच्या संगणकावरची नोंद त्याला हलवता येत नाही.

काही प्रश्न दोन दारांत विभागलेले असतात. पुराचेच घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. पातळी मोजणे आणि धरणांचा विसर्ग ठरवणे ही राज्याच्या जलसंपदा विभागाची कामे आहेत. मात्र एखाद्या भागातल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी मोठ्याने वाजणारा इशारा पाठवण्याची यंत्रणा दूरसंचार विभागाच्या सी-डॉट या संस्थेने तयार केली आहे आणि तिचा वापर आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा करतात. तेव्हा ‘पुराचे काहीतरी करा’ असे लिहिण्याऐवजी, आपला माणूस दूरसंचारात असेल तर इशाऱ्याची भाषा, वेळ आणि भाग यांबद्दल लिहावे. विसर्गाचा मुद्दा वेगळ्या कागदावर मुंबईला पाठवावा.

एक पान, एक प्रश्न

काही वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी मिळून एका मोठ्या पदावरच्या अधिकाऱ्यांना पंधरा मागण्यांचे निवेदन दिले होते. विमानतळापासून गुऱ्हाळघरांच्या विजेपर्यंत सगळे त्यात होते. दीड महिन्याने एका ओळीचे उत्तर आले की निवेदन योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवले आहे. पंधरा मागण्यांना ‘संबंधित विभाग’ तरी एक कोठून असणार? दोष त्या कार्यालयाइतकाच आमच्या कागदाचाही होता.

निवेदनात एकच प्रश्न असावा आणि तो गावात रोज भेटणारा, पण धोरणाच्या पातळीवरच सुटणारा असावा. एक उदाहरण जवळून पाहू. मराठीतला ‘ऱ्’ हा अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडतात. दुसऱ्या प्रकारात साध्या ‘र’ला हलन्त जोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. त्यात मजकूर एका प्रणालीतून दुसरीकडे जाताना ते अदृश्य चिन्ह गळून पडले, की ‘र’ पुढच्या अक्षरावर रफार होऊन बसतो. मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि आचाऱ्यांना दिलेली बिदागी आचार्यांच्या नावावर चढते. हसण्यापुरते हे ठीक आहे. पण आडनाव कऱ्हाडे किंवा बिऱ्हाडे असेल आणि दोन कागदपत्रांतली नावे यंत्राने ताडून पाहायची असतील, तर दिसायला अगदी सारखी असलेली नावे जुळत नाहीत. सेवा केंद्रातला मुलगा नाव तीनदा टाईप करतो आणि शेवटी ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असे सांगतो. त्या बिचाऱ्यालाही खरे कारण ठाऊक नसते.

हा प्रश्न तहसीलदाराच्या हातात नाही. पोर्टल बनवून घेताना ज्या तांत्रिक अटी घातल्या जातात, त्यांत तो सोडवावा लागतो. त्याविषयीच्या निवेदनाचा गाभा असा असू शकतो : “आपल्या विभागाच्या अमुक पोर्टलवर, नावात ‘ऱ्’ हे अक्षर असलेल्या अर्जदारांची नावे मूळ कागदपत्रांशी जुळत नसल्याचे दाखवून अर्ज परत येतात. अशा तीन अर्जांच्या पडद्यांची छायाचित्रे, अर्जदारांच्या लेखी संमतीने व क्रमांक झाकून, सोबत जोडली आहेत. नावांची पडताळणी करण्यापूर्वी या अक्षराच्या दोन्ही लेखनपद्धती एकाच रूपात आणण्याची अट पोर्टलच्या तांत्रिक अटींमध्ये समाविष्ट करावी, ही विनंती.” यात काय बिघडले, त्याचा पुरावा कोणता आणि कोणता शब्द कोठे घालायचा, हे तीनही आले आहे. अधिकाऱ्याला टिप्पणी लिहिताना हा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा उचलता येतो आणि त्याने तो उचलावा हाच आपला हेतू असतो.

क्रमांक झाकणे आणि संमती घेणे यांत कुचराई करू नये. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. तो ज्या मंत्रालयाचा, त्याच मंत्रालयाला दुसऱ्याच्या आधार कार्डाची उघडी झेरॉक्स पाठवणे शोभत नाही. जुन्या फाँटमध्ये टाईप केलेले निवेदनही पाठवू नये. आपल्याकडच्या अनेक डीटीपी केंद्रांत अजून तेच चालते आणि दुसऱ्या संगणकावर उघडताच त्याची चिन्हांची रांगोळी होते. मजकूर युनिकोडमध्येच करून घ्यावा. फाउंड्रीवाल्यांनी किंवा चप्पल कारागिरांनी निवेदन द्यायचे असेल, तर पडद्याच्या छायाचित्रांच्या जागी बिल, बाद झालेला माल किंवा विक्रीच्या ॲपवरची नक्कल यांचा पुरावा येईल. बाकीचा साचा हाच.

कागद कोठे द्यावा

कानात सांगितलेले फाईलवर येत नाही. २०१४ मध्ये ठरलेल्या केंद्राच्या धोरणानुसार कायद्यांचे व नियमांचे मसुदे लोकांच्या सूचनांसाठी किमान ३० दिवस खुले ठेवणे अपेक्षित आहे. डेटा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा ३ जानेवारी २०२५ रोजी निघाला, तेव्हा सूचनांची मुदत आधी १८ फेब्रुवारीपर्यंत होती आणि नंतर ती ५ मार्चपर्यंत वाढवली गेली. सूचना ‘मायगव्ह’ या सरकारी पोर्टलवर घेतल्या गेल्या. असा मसुदा खुला असेल तर निवेदन तेथेच नोंदवावे आणि गावच्या माणसाला केवळ नोंदणी क्रमांक कळवावा. मसुदा नसेल, तर पदनामाने विभागाला पत्र पाठवून पोच घ्यावी. पत्रावर त्याचे नाव न घालता पदनाम घातले, तर त्याची बदली झाल्यावरही कागद जिवंत राहतो.

भेट मिळाली तर ती पाच-दहा मिनिटांचीच समजावी आणि बोलण्यासाठी एकालाच नेमावे. त्याला शाळेत शिकवलेल्या गुरुजींनी घरी ‘अरे बाळ’ म्हणावे. विश्रामगृहात, त्याच्या हाताखालच्या लोकांसमोर, ‘आपण’ म्हणावे. त्याच्या आईवडिलांच्या घरी मात्र अर्ज, फायली किंवा बायोडेटा मुळीच नेऊ नयेत, आणि त्यांचा फोन क्रमांक मंडळाच्या ग्रुपवर टाकू नये. सकाळी दूध घ्यायला दार उघडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दारात तीन अनोळखी अर्जदार दिसावेत, हे कोणत्याच पेठेला भूषणावह नाही.

सत्काराविषयी थोडे

केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम १९६४ चा चौदावा नियम सत्कार समितीने एकदा वाचावा. त्यानुसार केंद्राच्या नियमित सेवकाला शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय मानपत्र स्वीकारता येत नाही आणि आपल्या सन्मानार्थ भरवलेल्या सभेला हजर राहता येत नाही; सार्वजनिक संस्थांनी केलेला साधा, कमी खर्चाचा समारंभ मात्र त्याला अपवाद आहे. म्हणून तारीख छापण्यापूर्वी त्यालाच लेखी विचारावे. मिरवणूक आणि चांदीची गदा रद्द करावी. फेटा, श्रीफळ आणि चहा एवढ्यावर कार्यक्रम सुरेख होतो. त्याच मंचावर निवेदन देऊन फोटो काढण्याचा मोह टाळावा, कारण मागणी आणि मानपान एका ताटात आले की दोन्हींविषयी शंका घेतली जाते.

पाठपुरावा

निवेदनाला दोन महिने झाल्यावर त्याला फोन न करता माहितीचा अधिकार वापरावा. शुल्क १० रुपये असून उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे; अर्ज राज्याच्या कार्यालयात करायचा असेल, तर महाराष्ट्राच्या नियमांनुसार तो एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. ‘निर्णय का घेतला नाही’ असे विचारू नये, कारण त्याला उत्तर मिळत नाही. ‘अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर आजपर्यंत झालेल्या टिप्पण्यांच्या प्रती द्याव्यात’ असे लिहावे. उत्तर आले नाही, तर मुदत संपल्यापासून ३० दिवसांत पहिले अपील करता येते; त्यासाठी पोचपावतीची मूळ प्रत मंडळाच्या कपाटात ठेवावी आणि अध्यक्ष बदलले तर ती किल्लीसह नव्या अध्यक्षांकडे द्यावी.