यात्रेच्या गर्दीत जाताय? या चुका टाळा

'सगळे चालतायत, मीच कशाला थांबू?' यात्रेतलं दुखणं पुष्कळदा इथूनच सुरू होतं. 2024 च्या हजमध्ये 1,301 यात्रेकरू दगावल्याचं सौदी सरकारने जाहीर केलं. त्यातले 83 टक्के बिनपरवाना आलेले, भर उन्हात आसऱ्याशिवाय लांबवर चालत गेलेले होते.

चक्कर आली, पायात गोळे आले, तोवर सावली, पाणी आणि विश्रांतीने भागतं. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला की तो उष्माघातच धरा, अंगाला घाम असला तरी. अशा वेळी जमलेली मंडळी हमखास एक चूक करतात: अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओततात. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. पाणी अंगावर ओता, हाती येईल त्या पुठ्ठ्याने वारा घाला, मानेला आणि काखेत बर्फ लावा. रुग्णवाहिका येईपर्यंत हे थांबवू नका. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही.

जुलाब लागले की ओआरएसचं पाकीट ग्लासभर पाण्यात 'अंदाजे' कालवलं जातं. पाकीट एक लिटरचं असेल तर पाणीही लिटरभरच हवं. घट्ट द्रावणाने जुलाब उलट वाढू शकतात.

मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालण्याचा हट्ट सोडावा, असं मी स्पष्टच सांगेन. अनेकांच्या तळव्यांची संवेदना कमी झालेली असते, तापलेली फरशी भाजतेय हे कळतच नाही. रात्री पाय धुताना तळव्याला आलेला फोड दिसतो. उपवास धरून इन्सुलिन मात्र रोजच्याच मापाने घेणं हेही घातक. मात्रा डॉक्टरांना आधीच विचारा. आणि औषधं मुक्कामावरच्या बॅगेत नकोत, अंगावरच्या पिशवीत हवीत.

लस निघायच्या आदल्या दिवशी घेऊन चालत नाही. हजसाठी सक्तीची असलेली मेंदूज्वराची लस पोहोचण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते.

चेंगराचेंगरीत माणसं तुडवली जाऊनच मरतात असा समज आहे. प्रत्यक्षात अनेकांचा जीव उभ्या उभ्या जातो, कारण छाती दाबली गेली की श्वास घेता येत नाही. म्हणून दोन्ही हात छातीपुढे दुमडून जागा राखा. लाटेविरुद्ध जोर लावू नका. दाब जरा ओसरला की तिरपं सरकत कडेला निघा. भिंत किंवा कठड्याजवळ असाल तर तिथून आधी हटा. चप्पल निसटली, मोबाइल पडला, तरी वाकू नका.